आधी बिनमेंदूचा रोबोट करा

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला माग थांबल्याचं न बघता कळतं. खटखट चालू असते, आडवा धागा तुटतो आणि माग आपोआप बंद पडतो. धोटा इकडून तिकडे गेला, पण त्याच्यामागे धागा आलाच नाही, हे त्या लोखंडाला कळतं कसं? मागाच्या कडेला एक बारीक काटा असतो. धागा असला की काटा त्याला अडून कलतो आणि त्याचा आकडा बाजूला राहतो. धागा नसला की काटा कलत नाही, आकडा मागच्या हलत्या भागात अडकतो आणि चालू-बंदचा दांडा सुटतो. यात ना कॉम्प्युटर, ना चिप. तरीही यंत्राने काहीतरी ओळखलं आणि त्यानुसार काहीतरी केलं.

रोबोट म्हणजे मुळात एवढंच. म्हणून घरी पहिल्यांदा रोबोट करणाऱ्याला मी सांगतो, आर्डुइनो (प्रोग्रॅम घालून चालवायचा छोटा बोर्ड) लगेच घेऊ नका. आधी असा रोबोट करा, ज्यात प्रोग्रॅमच नाही.

यामागे कारण आहे. गेली काही वर्षं मी शेजारच्या आणि नात्यातल्या मुलांबरोबर हे उद्योग करतोय. तयार किट आणलं, दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्रॅम उतरवून घेतला, गाडी भिंतीपासून वळली, आणि चौथ्या दिवशी ती कपाटावर गेली, हे मी अनेकदा पाहिलं. त्याहून वाईट म्हणजे गाडी चाललीच नाही, तर दोष वायरीत, सेलमध्ये की प्रोग्रॅममध्ये हे नव्या माणसाला शोधताच येत नाही. बिनमेंदूच्या रोबोटात मोजून वीसेक सुटे भाग असतात. बिघाड कुठे आहे तो बोटाने दाखवता येतो.

सांगाडा आणि चाकं

सांगाड्यासाठी साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद पाटी पुरते. फ्लेक्स-बॅनर करणाऱ्यांकडे सनबोर्डचे उरलेले तुकडे मिळतात, ते उत्तम. कटरने कापता येतात, भोकं पाडता येतात आणि चुकलं तर वाईट वाटत नाही. तेही नसेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवा. ॲक्रिलिकची तयार चासी मात्र पहिल्या वेळी नको. तिच्यावर आधीच ठरलेली भोकं असतात आणि माणूस त्या भोकांप्रमाणे विचार करायला लागतो. प्रयोगाचा रोबोट दर आठवड्याला बदलता आला पाहिजे.

मोटर घ्यायची ती पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरबॉक्सची, जिला दुकानात बीओ मोटर म्हणतात. दोन मोटर, दोन चाकं. वेग विचारतील, तेव्हा मिनिटाला ६० किंवा १०० फेऱ्यांची मागा. तीनशेची घेण्याचा मोह होतो, पण हिशोब करून बघा. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असतो, म्हणजे एका फेरीत गाडी सुमारे २० सेंटीमीटर जाते. १०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर झाले. प्रयोग करायचा तर गाडी काय करतेय हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि त्याला एवढा वेग भरपूर आहे.

पुढे तिसरा टेकू लागतो. लोखंडी गोळीचं छोटं कॅस्टर मिळतं, पण आपल्याकडच्या शहाबादी फरशीच्या सांध्यात ते अडतं. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून पाटीखाली पालथा चिकटवला तर तो सांध्यावरून अलगद घसरतो. माझ्या घरच्या गाड्यांना आता तेच असतं.

मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या फार नाजूक असतात. वायर सोल्डर केली, दोनदा हिसका बसला, की पट्टीच तुटते आणि मोटर वाया जाते. त्यामुळे सोल्डर झाल्यावर वायर मोटरच्या अंगालाच दोऱ्याने बांधून टाका, म्हणजे ओढ दोऱ्यावर येईल. सोलापुरात दोरा शोधावा लागत नाही. घरात कुणी मागावर काम करणारं असेल तर विणकराची गाठ त्यांच्याकडून शिकून घ्या, ती सुटत नाही. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरे. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की हात धुवायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. लहान मुलांच्या हाती आयर्न एकटं देऊ नये.

घरातच किंवा शेजारी माग असेल तर आणखी एक काम लागतं. कापसाचे तंतू चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि मोटर जड चालते. आठवड्यातून एकदा चाक काढून चिमट्याने ते ओढून काढा.

दोन डोळे, दोन मोटर, मेंदू नाही

आता मुख्य जोडणी. डोळे म्हणजे एलडीआर. हा उजेड वाढला की विजेला कमी अडवतो आणि अंधारात जास्त अडवतो. त्यातून जाणारा प्रवाह मोटर फिरवण्याइतका नसतो, म्हणून मध्ये टीआयपी १२२ हा ट्रान्झिस्टर घालायचा. थोडासा प्रवाह आत दिला की तो मोटरसाठी मोठा प्रवाह सोडतो. बीसी ५४७ इथे चालणार नाही. त्याची मर्यादा १०० मिलीअँपिअर आहे आणि ही मोटर सहज त्याच्या पुढे जाते.

आणायचं सामान असं: टीआयपी १२२ दोन, एलडीआर दोन, ४७० ओहमचे रेझिस्टर दोन, पाच केचे (पाच हजार ओहमचे) प्रिसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारे रेझिस्टर, दोन, १एन ४००७ डायोड दोन, छोटा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची छिद्रांची पाटी), जोडवायरी, चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि एक स्विच. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीला सुटे भाग देणाऱ्या कुठल्याही दुकानात यातलं बरंचसं मिळतं. मोटर आणि ब्रेडबोर्ड तिथे नसले तर घरपोच मागवता येतात.

आधी एकच बाजू जोडा. ती पूर्ण चालल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

१. होल्डरचा प्लस स्विचमधून ब्रेडबोर्डच्या लाल ओळीत, मायनस निळ्या ओळीत. सेल अजून घालायचे नाहीत.

२. ट्रान्झिस्टर असा धरा की त्यावरची अक्षरं तुमच्याकडे आणि पाय खाली. डावा पाय बेस, मधला कलेक्टर, उजवा एमिटर. एमिटर मायनसला जोडा.

३. मोटरची एक वायर प्लसला, दुसरी कलेक्टरला.

४. मोटरच्या त्याच दोन टोकांवर डायोड लावा. डायोडवरची रुपेरी पट्टी प्लसच्या बाजूला हवी. मोटर बंद होताना उलटा झटका देते आणि तो हा डायोड पचवतो. उलटा लावला तर सगळा प्रवाह त्यातूनच जाईल, म्हणून पट्टी दोनदा बघा.

५. प्लसपासून ४७० ओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे एलडीआर, आणि एलडीआरचं दुसरं टोक बेसला.

६. बेसपासून प्रिसेट, प्रिसेटपासून मायनस. प्रिसेटचा मधला पाय आणि कडेचा कुठलाही एक पाय वापरा.

आता सेल घाला आणि स्विच दाबा. एलडीआरवर बोट ठेवलं की मोटर थांबली पाहिजे, मोबाईलचा टॉर्च मारला की फिरली पाहिजे. खोलीतल्या नेहमीच्या उजेडातही फिरत राहिली तर प्रिसेट हळूहळू फिरवत अशा जागी आणा, की नुसत्या खोलीच्या उजेडात ती थांबेल आणि टॉर्चवर चालेल. या मांडणीत मोटर जवळपास बटणासारखी चालू-बंद होते, मधला वेग फारसा मिळत नाही. त्याची काळजी नको. गाडी डुलत डुलत जाईल, पण जाईल.

चाललं नाही तर मल्टिमीटर घ्या आणि याच क्रमाने मोजा: सेलच्या टोकांना व्होल्ट आहेत का, ब्रेडबोर्डच्या ओळीत आहेत का, टॉर्च मारल्यावर बेस आणि मायनसमध्ये सव्वा-दीड व्होल्ट येतात का. पहिल्या दोन ठिकाणी नसतील तर वायर किंवा स्विच. तिसऱ्या ठिकाणी नसतील तर एलडीआर, प्रिसेट किंवा चुकीचं छिद्र. तिन्ही ठिकाणी आहेत आणि मोटर गप्प, तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे धरलेत किंवा मोटरची पट्टी तुटलीय. साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो. पहिल्या दिवशीच घ्या.

दुसरी बाजू तशीच जोडा. दोन्ही एलडीआर पाटीच्या पुढच्या कोपऱ्यांत, थोडे बाहेरच्या बाजूला वळवून बसवा आणि प्रत्येकाभोवती काळ्या चिकटपट्टीची बोटभर नळी करा. ही नळी नसेल तर दोन्ही डोळ्यांना सारखाच उजेड दिसतो आणि गाडी नुसती सरळ पळते.

वायरींची अदलाबदल

आता खरी मजा. संध्याकाळी दिवे मालवा, पडदे ओढा आणि फरशीवर गाडीच्या समोर थोडा बाजूला टॉर्च धरा.

आधी डावा डोळा डाव्या मोटरला आणि उजवा उजव्याला जोडलेला ठेवा. उजेड डावीकडून आला की डावं चाक फिरतं, गाडी उजवीकडे वळते, म्हणजे उजेडापासून दूर पळते. आता फक्त दोन वायरी बदला, डावा डोळा उजव्या मोटरला आणि उजवा डाव्याला. तीच गाडी उजेडाकडे झेपावते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा भाचा गुडघ्यावर बसून ओरडला होता, "मामा, आत्ता भिऊलालतं, आता अंगावर यूलालंय की!" त्याला कुणी भीती आणि राग शिकवला नव्हता. त्याने दोन वायरींची अदलाबदल पाहिली आणि त्याला स्वभाव दिसला.

मेंदूचे अभ्यासक व्हॅलेंटिनो ब्रेटनबर्ग यांनी १९८४ साली नेमका हाच विचारप्रयोग मांडला होता: अगदी साध्या जोडणीतून बाहेरून बघणाऱ्याला भीती, राग, ओढ असं काहीतरी दिसतं. त्याच्याही आधी, १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं केली होती. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), एक प्रकाशाचा डोळा आणि एक स्पर्श ओळखणारा भाग. एवढ्यावर ती खोलीभर हिंडायची, अडथळा चुकवायची आणि उजेड शोधायची. तुमच्या फरशीवरची गाडी त्याच घराण्यातली आहे.

आणखी एक बदल करा. एलडीआर आणि प्रिसेट यांच्या जागा एकमेकांत बदला. आता ४७० ओहमपुढे प्रिसेट येईल आणि एलडीआर बेस ते मायनसमध्ये जाईल. उजेड पडला की मोटर थांबते, अंधारात चालते. वायरी सरळ (डावा डोळा डाव्या मोटरला) ठेवल्या तर गाडी उजेडाकडे वळत जाते आणि त्याच्याजवळ पोचून थांबते. आडव्या केल्या तर काय होईल? हे मी सांगणार नाही. आधी कागदावर लिहा, मग करून बघा.

लिहा म्हणालो ते मनापासून म्हणालो. एक वही ठेवा. डावीकडच्या पानावर "काय बदललं" आणि "काय होईल असं वाटतं", उजवीकडे "काय झालं". एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रिसेटही फिरवला आणि डोळ्याचा कोनही बदलला, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मुलांना सुरुवातीला कंटाळा येतो, पण महिन्याभराने तीच वही उघडून वाद घालताना मी त्यांना पाहिलंय.

मग आर्डुइनो

बिनमेंदूच्या गाडीबरोबर दोन-तीन आठवडे खेळून झालं की तिची मर्यादा आपोआप जाणवते. तिला आठवण नाही, मोजमाप नाही, "आधी हे, मग ते" असं काही जमत नाही. तिथे मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅमप्रमाणे चालणारी चिप) लागतो. आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना वापरता यावा म्हणून तयार झाला. त्याचा ऊनो प्रकार घ्या. त्यात प्रोग्रॅमसाठी फक्त ३२ किलोबाइट जागा असते आणि आपल्याला ती संपवता येत नाही.

स्वस्त ऊनो बोर्डवर बहुतेक वेळा सीएच३४० नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर (तिला ओळखणारा छोटा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरवर वेगळा घालावा लागू शकतो. बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदलून बघा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही.

मोटरसाठी आता एल२९८एन हा ड्रायव्हर (मोटर चालवणारा वेगळा छोटा बोर्ड) घ्या, कारण त्याने मोटर उलटीही फिरते. पण तो स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो. म्हणून चार सेल पुरत नाहीत. आधीच्या होल्डरला दोन सेलचा होल्डर मालिकेत जोडून सहा करा आणि सगळे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे घाला. ते ७.२ व्होल्ट होतात, मोटरला पाच मिळतात, आणि ड्रायव्हरवरच्या पाच व्होल्टच्या टोकावरून आर्डुइनोही चालतो.

सेलवर जरा थांबतो, कारण नवीन माणसाचा सर्वात जास्त वेळ इथेच जातो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी घेऊ नका. मी घेतली होती. गाडी सुरू व्हायची, अर्धा सेकंद जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममधला दोष शोधत बसलो. दोष बॅटरीत होता. मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह मागते, तो त्या बॅटरीला झेपत नाही, व्होल्ट कोसळतात आणि आर्डुइनो रीसेट होतो. घड्याळात घालायचे स्वस्त सेलही असेच दगा देतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेले लिथियमचे सेल नवख्याने वापरूच नयेत. ते शॉर्ट झाले तर पेट घेतात, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तर त्यांना ठेवूही नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मायनस. सेलचा, ड्रायव्हरचा आणि आर्डुइनोचा मायनस एकमेकांना जोडलेला असलाच पाहिजे. नसला तर मोटर मनाला येईल तशा वागतात. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांत १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, त्याने मोटरचा विजेचा गोंगाट कमी होतो.

अंतर मोजायला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर समोर लावा. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. त्या आकड्याला ५८ ने भागलं की सेंटीमीटर मिळतात.

प्रोग्रॅम एकदम लिहू नका. पहिल्या दिवशी फक्त डावं चाक दोन सेकंद फिरवा आणि थांबवा. मग उजवं. मग वेगाचा आकडा ० पासून २५५ पर्यंत वाढवत न्या आणि कुठल्या आकड्याला चाक हलायला लागतं ते वहीत लिहा, दोन्ही चाकांचं वेगळं. ते सारखं नसतं. या मोटर जुळ्या दिसतात पण जुळ्या नसतात, म्हणून सरळ जायला सांगितलेली गाडी वळत जाते. शहाबादी फरशीचा सांधा इथे पट्टीसारखा कामाला येतो. सांध्यावर गाडी सोडा, दोन मीटरवर ती किती सरकली ते मोजा, आणि जे चाक पुढे पळतंय त्याचा आकडा थोडा कमी करा.

मग सेन्सर. अंतर फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवा, मोटर बंदच. ते नीट दिसलं की शेवटी निर्णय: समोर २५ सेंटीमीटरच्या आत काही आलं तर थांब, थोडं मागे ये, वळ, पुन्हा बघ. दोन मोजमापांत ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी नंतरच्यात मिसळतो. तेवढ्यात गाडी दोनच सेंटीमीटर जाते. पण चालत्या गाडीच्या प्रोग्रॅममध्ये एक सेकंदाचा डिले टाकला, तर ती फूटभर आंधळी जाते. भिंतीवर आदळणाऱ्या गाड्यांमध्ये मला हेच सर्वात जास्त वेळा सापडलंय.

आपल्या गावचे दोन प्रयोग

हे दोन मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ते करायला सोलापूरसारखी जागा नाही.

पहिला उन्हाळ्याचा. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४२ अंशांना सुमारे ३५७. ५८ ने भागायचा नियम साधारण २३ अंशांच्या हवेला लागू पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी भिंतीपासून पट्टीने बरोबर ५० सेंटीमीटर मोजून गाडी ठेवली, तर सेन्सर दीड-दोन सेंटीमीटर कमी सांगतो. तेव्हा ५६ ने भागून बघा. जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांतल्या थंड सकाळी हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

दुसरा टॉवेलचा. दोरीवर सोलापुरी टर्किश टॉवेल लोंबता सोडा आणि गाडी त्याच्याकडे पाठवा. भिंतीला न चुकता थांबणारी गाडी टॉवेलमध्ये घुसण्याची बरीच शक्यता आहे. त्याच्या मऊ फासांत आवाज मुरतो, प्रतिध्वनी फारच दुबळा येतो, आणि गाडीला वाटतं समोर काही नाही. मग साधी चादर लावा, पुठ्ठा लावा, पुठ्ठा तिरका करून लावा. तिरक्या पुठ्ठ्यावरूनही आवाज भलतीकडेच परततो. कशाला किती अंतरावर गाडी थांबली त्याचा तक्ता करा. यावर उपाय म्हणून पुढे दोन मायक्रोस्विच आणि सायकलच्या तारेच्या मिशा लावता येतात. टॉवेल दिसला नाही तरी मिशीला लागेल.

मिशा लावताना स्विचची एक वायर मायनसला आणि दुसरी आर्डुइनोच्या मोकळ्या पिनला जोडा. त्या पिनचा आतला पुल-अप (पिनला प्लसकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) प्रोग्रॅममध्ये चालू करा, म्हणजे वेगळा रेझिस्टर लागणार नाही. तार स्विचच्या पातीला गरम गोंदाने चिकटवा, सोल्डरने नव्हे. आणि रात्री गाडी ठेवताना सेल होल्डरमधून काढून ठेवा. स्विच चुकून चालू राहिला तर सकाळपर्यंत ते पार उतरतात, आणि असे दोन-चारदा झाले की पुन्हा नीट चार्ज होत नाहीत.